त्रेसष्ट नावं, सात मोटारी आणि एक म्हातारा लॅपटॉप

आमच्या भाऊबंदकीत एकूण त्रेसष्ट नावं आहेत आणि त्यांचा क्रम जगात फक्त एका पेन ड्राइव्हला माहीत होता.

तुम्हाला वाटेल, गुप्त खजिन्याची भानगड असेल. तसं काही नाही, लग्नपत्रिकेची भानगड आहे. (खजिन्याची असती तर लवकर मिटली असती.) आमच्याकडे पत्रिकेत खाली भावकीतल्या सगळ्या पुरुषांची नावं छापतात, आणि कुणाचं नाव कुणाच्या वर आलं यावरून माणसं दहा-दहा वर्षं एकमेकांच्या दारावरून मान वळवून जातात. आमचा मळा शिनोलीच्या अलीकडे. वरच्या मळ्यात हरिभाऊ तात्या, खालच्या मळ्यात गेणूभाऊ नाना. दोघे चुलतभाऊ, दोघे पंचाहत्तरीच्या पुढचे, दोघांच्या गळ्यात माळ, दोघांच्या नावापुढे ह.भ.प. आणि दोघांच्याही मते दुसऱ्याचं नाव आपल्या खाली असायला हवं.

याचा पहिला फटका मलाच बसला. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत तात्या एक ओळ वर गेले आणि नानांचा अख्खा खालचा मळा लग्नाला आलाच नाही. अर्धा मांडव रिकामा. केलेली बुंदी तशीच उरली. आम्ही चार दिवस सकाळ-संध्याकाळ बुंदी खाल्ली. पाचव्या दिवशी आईनं बुंदीचं कालवण करून बघू का असं विचारलं, तेव्हा माझी नवी कोरी बायको संगीता पिशवी भरून एसटीची वेळ विचारत होती.

पुढे दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, मोठ्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा देवळात तीन बैठका झाल्या आणि त्रेसष्ट नावांचा क्रम कायमचा ठरला. तो टाइप केला मी! कारण त्या काळी घोडेगावात माझं कॉम्प्युटर सेंटर होतं. पत्रिका, हँडबिलं, दशक्रियेचे निरोप, सगळं मी छापायचो. यादी झाल्यावर दोन्ही म्हाताऱ्यांनी ती फाईल माझ्याकडून पेन ड्राइव्हवर घेतली, कॉम्प्युटरमधली माझ्या हातून पुसायला लावली (मी मागून नाव सरकवीन म्हणून!), आणि पेन ड्राइव्ह लाल फडक्यात बांधून आमच्या देव्हाऱ्यात ठेवला. पुढे सेंटर बंद पडलं. आता मी ठिबकच्या नळ्या विकतो. पण गावात अजून कुणाचा मोबाईल अडला की लोक म्हणतात, "ज्ञानूला दावा." या एका वाक्यावर मी आजवर जगत आलोय.

यंदा दादाच्या धाकटीचं, प्राजक्ताचं जमलं. मुलगा आळे गावचा. प्राजक्ता पुण्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. पत्रिका चार दिवसांत छापायला द्यायची होती. जुनी पत्रिका घरोघर शोधली, पण पत्रिका कोण जपतं? एक सापडली ती खालच्या मळ्यात, पिठाच्या डब्याखाली. तिची बरोब्बर नावांची बाजू उंदरांनी खाल्ली होती. वरच्या मळ्याचं म्हणणं, उंदीर मुद्दाम सोडले.

प्राजक्ता मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, ताईच्या लग्नात दोन्ही आजोबा शेजारी शेजारी उभे होते. मला पण तसेच पाहिजेत. बाकी पत्रिकेत माझंच नाव नसलं तरी चालेल मला."

तिचे डोळे भरले होते. मला एकदम भरून आलं आणि भरून आलं की मी फुशारकी मारतो, हा माझा जुना आजार आहे. देव्हाऱ्यातून पेन ड्राइव्ह काढला. तिनं आपल्या नव्या, वहीएवढ्या पातळ लॅपटॉपला लावला. फाईल उघडली आणि पडद्यावर अक्षरांची भेळ झाली. टिंबं, डॉलर, उलटे स्वल्पविराम.

"जुना फॉन्ट आहे काका. ते मराठीचं सॉफ्टवेअर नव्या सिस्टीमवर चालत नाही. मी याची कॉपी पुण्याला नेते, दोन दिवसांत कुणाकडून तरी—"

"पुण्याला कशाला?" मी पेन ड्राइव्ह उपटून खिशात घातला. "माझा जुना लॅपटॉप आहे की! त्यात ती जुनी सिस्टीम टाकतो, ती हिरव्या टेकडीच्या चित्राची. मग सॉफ्टवेअर. तासाभराचं काम!"

(इथे तिनं कॉपी करून घेतली असती तर हा लेख तुम्हाला वाचावा लागला नसता.)

माझा लॅपटॉप वजनाला सव्वातीन किलो. गेली काही वर्षं तो स्वयंपाकघरात होता. संगीता त्यावर लोणच्याची बरणी ठेवायची, कारण तेवढी सपाट आणि जड वस्तू घरात दुसरी नव्हती. बरणी उचलली, तेलाचं गोल वर्तुळ पुसलं, वायर लावली. पंखा घुरघुरला. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकायला लागली आणि लुकलुकतच राहिली. बॅटरी तर केव्हाच मेलेली. वायर निसटली की खेळ खलास.

"सिस्टीम उडालीय," मी डॉक्टरसारखं म्हणालो. "नव्यानं टाकावी लागेल. संगीता, माझा सीड्यांचा खोका कुठाय?"

"बाजरीत."

"कशात?"

"बाजरीत हो! चिमण्या लई येत व्हत्या. महिन्यापूर्वी टांगल्या की सगळ्या. तुमीच म्हनालात, भंगार आहे, घे."

मी आणि प्राजक्ता भर उन्हात उन्हाळी बाजरीत शिरलो. काठ्यांना दोरे, दोऱ्यांना सीड्या, सगळ्या गरागरा फिरताहेत आणि आम्ही माना वाकड्या करून त्यांच्यावरचं माझं अक्षर वाचतोय. एकीवर भक्तिगीतं. एकीवर साखरपुडा, कुणाचा ते लिहिलेलं नाही. बाविसाव्या काठीवर सिस्टीमची सीडी मिळाली आणि तिच्या शेजारीच मराठी सॉफ्टवेअरची. दोन्हींवर चिमण्यांनी आपला अभिप्राय नोंदवलेला होता. म्हणजे ज्यांना घाबरवायला टांगल्या त्याच त्यांच्यावर बसत होत्या!

"राखेनं घासून देऊ का?" संगीतानं विचारलं.

"हात लावू नकोस!" मी ओरडलो आणि धोतराच्या जुन्या फडक्यानं हळुवार पुसल्या.

सेटअप सुरू झाला. निळा पडदा आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत. हा पडदा मी तालुक्यात शेकडो वेळा पाहिलेला. थोड्या वेळानं पडद्याच्या कडेला ओळ आली, अजून एकोणचाळीस मिनिटं. आणि फटकन अंधार.

आता आमच्या मळ्यातली वीज समजून घ्या. आमच्या घराला आणि भावकीच्या विहिरींवरच्या सात मोटारींना मिळून एकच डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. त्या आठवड्यात थ्री फेज, म्हणजे मोटारींची वीज, दिवसा होती. चार मोटारी वरच्या मळ्याच्या, तीन खालच्या. सगळ्यांचे स्टार्टर ऑटोवर, वीज आली की मोटार आपोआप सुरू. सातही एकदम चालल्या की आमच्या घरातला बल्ब काजव्याएवढा होतो. लॅपटॉप तर बंदच पडतो. दुसऱ्यांदा लावला, चौतीस मिनिटांवर गेला. तिसऱ्यांदा लावला, सदतीसवर. उलटाच प्रवास!

"सगळ्यांनी तासभर मोटारी बंद ठेवल्या तर?" प्राजक्ता म्हणाली.

सोपं वाटतंय ना? मी वरच्या मळ्यात गेलो. तात्या टोमॅटोच्या सरीत उभे होते.

"तासभर? बंद करतो की. पोरीचं कार्य हाय," तात्या म्हणाले. "पन आधी खालच्यांची बंद कर. मंग आमची."

खालच्या मळ्यात गेलो. नानांनी शांतपणे ऐकलं. "आमची काय ना न्हाई ज्ञानू. पन आधी वरच्यांची. आमी आधी बंद केली म्हंजी आमी खालचे झालो न्हवं का?"

"नाना, मोटारीला कसलं आलंय खालचं-वरचं!"

"आरं, मानूस मोटारीवरनंच वळखत्यात."

शेवटी प्राजक्ता दोन्ही मळ्यांच्या मधल्या बांधावर ओढणी घेऊन उभी राहिली. ओढणी खाली आली की दोन्हीकडच्यांनी एकाच वेळी बटण दाबायचं. ओढणी खाली आली. चिडीचूप! आयुष्यात पहिल्यांदा आमच्या मळ्यात भरदिवसा कोकिळा ऐकू आली. मी धावत घरात, सेटअप पुन्हा सुरू. एकोणचाळीस... अडतीस... छत्तीस... आणि खालून मोटारीचा घों आवाज, पाठोपाठ वरच्याही सगळ्या! अंधार!

"मी न्हाई चालू केली!" नाना खालून ओरडले. "वरच्यांची चालू झाल्यागत वाटली म्हनून केली!"

"ती कोकिळा व्हती रं!" तात्या वरून.

मग मी डोकं चालवलं. (मी डोकं चालवलं की संगीता देव पाण्यात ठेवते.) सातही जणांना सांगितलं, आपापल्या स्टार्टरच्या पेटीतला एकेक फ्यूज काढून माझ्या घरी आणा. फ्यूज माझ्यापाशी, म्हणजे मोटार चालूच होणार नाही. सगळे आले. सात फ्यूज एका ताटात, ताट लॅपटॉपपुढे. ताट दिसल्याबरोबर संगीतानं सवयीनं त्यावर हळद-कुंकू वाहिलं. तात्या एका बाजूच्या खुर्चीत, नाना दुसऱ्या बाजूच्या. मध्ये मी. पाठीमागे उरलेली पाच घरं, उभी.

सेटअपनं विचारलं, जुनं सगळं पुसू का? मी ऐटीत 'हो' केलं.

"काय पुसलंस?" नाना उठलेच.

"जुनं सगळं, नाना. नवी सिस्टीम टाकताना पुसावंच लागतं."

"आन् नावं?"

"नावं पेन ड्राइव्हमध्ये आहेत. हा बघा."

"दे इकडं." नानांनी तो मुठीत धरला.

"तुझ्याच मुठीत का म्हनून?" तात्या उठले. पेन ड्राइव्हही ताटात गेला.

मग पंचवीस अक्षरांची किल्ली मागितली. लॅपटॉपखालचं स्टिकर लोणच्याच्या तेलात विरघळून गेलं होतं. पण मला ती तोंडपाठ होती. (त्या काळी अख्ख्या तालुक्यात एकच किल्ली चालायची. कुणाची होती ते विचारू नका.) मी डोळे मिटून एका दमात म्हटली. तात्यांनी नकळत हात जोडले.

तीस मिनिटं. वीस. अकरा. त्या शेवटच्या अकरा मिनिटांत कुणी तंबाखूसुद्धा मळली नाही. आणि पडद्यावर ती हिरवी टेकडी आली! निळं आभाळ, पांढरे ढग!

"ही तर आपल्या शिनोलीच्या मागची!" नाना म्हणाले.

मराठी सॉफ्टवेअर टाकलं. ते पाच मिनिटांत बसलं. माझी छाती इतकी फुगली की सदऱ्याची बटणं ताणली. त्या भरात मी ताट उचललं आणि म्हणालो, "घ्या रे आपापले फ्यूज! झालं काम! टोमॅटो वाळत असतील तुमचे!" दोन्ही म्हातारे सोडून सगळे, त्यांचेही फ्यूज घेऊन, पळाले.

पेन ड्राइव्ह लावला. फाईल उघडली. स्वच्छ, सुंदर, ठसठशीत मराठी! दोन रकाने, पहिल्यात श्री., कै., चि. असं काहीबाही, दुसऱ्यात नाव. प्राजक्तानं मागून माझा खांदा दाबला. जन्मात कुणी माझा खांदा एवढ्या कौतुकानं दाबला नव्हता.

"वाचू?" मी विचारलं.

"थांब," नाना म्हणाले. "आधी म्होरं नंबर टाक. एक, दोन, तीन. म्हंजी छापताना मधी कुनी घुसायला नको."

नंबर टाकायचं बटण कुठलं ते मी पार विसरलो होतो. पण विसरलो असं म्हणायचं नव्हतं. वरच्या पट्टीत एक बाण असलेलं बटण दिसलं. ते दाबलं. पडद्यावर काहीतरी भर्रकन हललं. आणि दाबल्याबरोबर माझ्या बोटांनी आपोआप फाईल सेव्ह केली.

हे समजून घ्या. शहरातला माणूस आधी वाचतो आणि मग सेव्ह करतो. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून आम्ही आधी सेव्ह करतो आणि मग बघतो काय केलंय ते.

बघितलं. ते बटण नंबर टाकायचं नव्हतं. पहिल्या रकान्याच्या अक्षरांप्रमाणे यादी नव्याने लावायचं होतं! सगळे कै. एकत्र, वर. त्यांच्या खाली सगळे चि., म्हणजे तेव्हाची शेंबडी पोरं. मग श्री. यांची रांग. आणि तळाला ह.भ.प.! तीन बैठकांचा, दोन म्हाताऱ्यांच्या आयुष्याचा क्रम, एका बाणात पालथा. उलटं करायचं बटण शोधायला हात उचलला आणि त्याच क्षणी मळ्यात सात मोटारी एकामागून एक चालू झाल्या. अंधार.

फ्यूज मीच वाटले होते.

सगळ्यांना पुन्हा फ्यूज काढायला लावून वीज स्थिर होईपर्यंत वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत मी किती देव आठवले ते सांगत नाही. लॅपटॉप चालू झाला, फाईल उघडली. यादी पालथीच होती.

"काका," प्राजक्ता माझ्या कानाशी आली. "आता?"

"वाच की रं," तात्या म्हणाले.

मी वाचायला लागलो. दुसरं करणार काय? पहिलं नाव कै. सखाराम, तात्या-नानांचे आजोबा. दुसरं कै. म्हादू. तिसरं, चौथं, सगळे स्वर्गातले. मी प्रत्येक नावाला मान आत ओढत होतो. मग चि. आले. चि. म्हणून ज्यांची नावं वाचत होतो त्यातला एक दाराबाहेर दाढी खाजवत उभा होता. मग श्री. यांची रांग, पुतण्यांच्या खाली काका, धाकट्यांच्या खाली थोरले. शेवटी एकसष्ट, ह.भ.प. हरिभाऊ. बासष्ट, ह.भ.प. गेणूभाऊ.

तात्यांनी नानांकडे पाहिलं. नानांनी तात्यांकडे पाहिलं. आणि मला एकदम उमगलं, या दोघांपैकी कुणालाही ठरलेला क्रम आठवत नाही! एकालाही! आणि दुसऱ्याच्या देखत तसं कबूल करायला दोघेही मेले तरी तयार नाहीत.

तात्यांनी घसा खाकरला. "बरोबर. असंच ठरलं व्हतं. आधी पूर्वज, मंग लेकरं. आन् मी गेणूच्या आधी."

"बरोबर," नाना म्हणाले आणि मिशीतल्या मिशीत हसले. "आन् मी हरीच्या मागं. अध्यक्ष शेवटीच बोलतो, कुठल्याबी सभेत. हरीला तवाच पटलं व्हतं ते, लई मोठं मन त्याचं."

प्राजक्ता पुढे होऊन दोघांच्या पाया पडली. उठली तेव्हा ती रडत होती आणि हसतही होती. मी सुटकेचा असा काही श्वास सोडला की ताटातलं कुंकू उडालं.

"आता यात एक अक्षर बी हलवायचं न्हाई," तात्या म्हणाले. "गेलेल्यांचं तेवढं कै. कर. बाकी हाय तसं छाप."

"पन खाली अजून एक नाव दिसतंय की," नाना चष्मा वर करून म्हणाले. "त्रेसष्ट. ते कोन?"

ते मी. टाइप करताना सगळ्यांच्या नावांपुढे काही ना काही लावलं आणि स्वतःपुढे, वडीलधाऱ्यांसमोर नम्रता म्हणून, काहीच लावलं नव्हतं. मशीननं रिकामा रकाना सगळ्यात तळाला ढकलला. नुसतं 'ज्ञानेश्वर'.

"मी, नाना."

"म्हंजी टाइप करनारा. मंग ठीक. अध्यक्षाच्या खाली आभार मानायला एक मानूस असतोच."

पत्रिका तशीच छापली. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं. मी ती दिवसातून दहा वेळा उघडून बघायचो. माझ्या दुकानातून पाईप नेणारा चोवीस वर्षांचा पुतण्या माझ्या पंचवीस नावं वर! माझ्या नावाखाली फक्त छापखान्याचा पत्ता! प्राजक्ता म्हणाली, "काका, तुमच्यामुळे जमलं सगळं." मी तोंडानं हसलो. आत मात्र काहीतरी खदखदायला लागलं होतं.

लग्नाच्या दिवशी मांडव तुडुंब. दोन्ही मळे हजर. तात्या आणि नाना प्राजक्ताच्या पाठीशी खांद्याला खांदा लावून उभे, दोघांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद. अक्षता पडल्या, पंगत बसली. संगीता मला शोधत मांडवामागे आली तेव्हा मी पाण्याच्या टँकरच्या चाकाला टेकून बसलो होतो.

"अहो, जेवायला चला. असं काय?"

"तुम्ही जेवा. आमचं काय, आम्ही तळाचे."

ती कपाळाला हात लावून गेली आणि थोड्या वेळानं माझी समजूत काढायला भावकीतली वडीलधारी माणसं आली. दोघं. हातात हात घालून.

"ज्ञानू," तात्या माझ्या शेजारी उकिडवे बसले, "आरं लेका, पत्रिकेतल्या नावावरनं कुनी रुसतं का?"

"शिकलेला मानूस ना तू!" नाना म्हणाले.

आणि मी, तीन बैठकांचा साक्षीदार, चार दिवस बुंदी खाल्लेला, दोन्ही म्हाताऱ्यांच्या हट्टाला जन्मभर हसत आलेला मी, मान दुसरीकडे वळवून म्हणालो, "प्रश्न नावाचा नाही, तात्या. मानाचा आहे!"